देईल खाटल्यावरी

माझ्या पुतण्याचा मुलगा मुंबईत एका मोठ्या रुग्णालयात नोकरीला आहे. डॉक्टर नाही, कंपाउंडर नाही, कारकूनही नाही. गेल्या गणपतीत त्याला विचारलं, "अरे, तू तिथे नेमकं करतोस तरी काय?" तर म्हणाला, "आजोबा, स्ट्रॅटेजिक कम्युनिकेशन. सरकारचं धोरण बदललं, अनुदानाचे नियम बदलले, की रुग्णालयानं कोणाला काय सांगायचं आणि कसं सांगायचं, ते आमचं खातं ठरवतं." वर हेही सांगितलं, की हे शास्त्र आपल्याकडे अगदी नवीन आहे. मी त्याच्या पानात आणखी एक मोदक वाढला. घरात पाहुणे होते. नाहीतर या विषयावर माझ्या तोंडी लागू नये, हे आमच्याकडे लहानथोरांना ठाऊक आहे.

हे नवीन शास्त्र मी एकोणीसशे साठ ते सत्तर या वर्षांत पालघरच्या एका धर्मादाय रुग्णालयात, एक टाक आणि एक शाईची दौत घेऊन चालवत होतो. माझ्या हुद्द्याला नाव नव्हतं. पगारपत्रकात 'कारकून' होतं. मी केळव्याचा, अक्षर बरं, म्हणून ट्रस्टचे सेक्रेटरी तात्या यांनी मला ठेवून घेतलं. रुग्णालय म्हणजे एक लांबलचक हॉल, चौदा लोखंडी खाटा, एक बाळंतपणाची खोली, आणि या सगळ्याला पुरून उरणाऱ्या एक डॉक्टरीणबाई. बाई उंचीनं लहान, आवाजानं मोठ्या. रात्री-अपरात्री कोणीही दार ठोठावलं तरी त्या चप्पल शोधायला थांबत नसत.

माझं काम बाहेरच्याला सांगायचं तर असं. रुग्णालयाला तीन जणांशी बोलावं लागतं: सरकारशी, मुंबईच्या देणगीदारांशी आणि गावच्या माणसांशी. तिघांना गोष्ट एकच सांगायची असते, पण भाषा तीन. छप्पर गळत असलं, तर सरकारला लिहायचं, 'छपराच्या दुरुस्तीचा प्रस्ताव आपल्या कार्यालयात प्रलंबित आहे.' देणगीदाराला लिहायचं, 'बाळंतिणीच्या डोक्यावर छत्री धरावी लागते.' आणि गावात जाऊन सांगायचं, 'पाणी गळतंय खरं, पण औषधं कोरडी आहेत, या.' तीनपैकी एकही वाक्य खोटं नसतं. एकाचं वाक्य चुकून दुसऱ्याकडे गेलं, की मात्र घोटाळा होतो. माझ्या हातून तसा घोटाळा दहा वर्षांत एकदाही झाला नाही, याचा मला अभिमान आहे. जो झाला तो वेगळा, आणि त्याचंच मला लिहायचं आहे.

आधी एक छोटा मासला देतो, म्हणजे आमची गाठ कोणाशी होती ते कळेल. त्या सुमारास सरकारी कारभार मराठीत येऊ लागला होता. आनंदाची गोष्ट. पण ती मराठी कोणाच्या आईची होती, देव जाणे. आमच्या दारावर 'येथे औषध मोफत मिळते' अशी जुनी पाटी होती. वरून हुकूम आला, की पाटी एकसारखी करावी: 'येथे निःशुल्क उपचार करण्यात येतात.' आम्ही रंगवली. दोन आठवड्यांत डोंगराकडच्या मासवणची गर्दी निम्म्यावर आली. मी सायकल काढून मासवणला गेलो. तिथे एक म्हातारबाबा अंगणात खोकत बसले होते, त्यांना विचारलं, "बाबा, येत का नाही?"

"पयलं मोफत होतं. आता तुमी शुल्क लावलाय," ते म्हणाले. "पोरानं वाचून सांगितलं."

"अहो, निःशुल्क म्हणजे शुल्क नाही."

"नाय, तर मंग लिवलाय कशाला?"

मी सायकल फिरवली. परत येऊन मी पाटीखाली मोठ्या अक्षरांत 'फुकट' असं रंगवून घेतलं. माणसं परत आली. पाठोपाठ खुलासा मागणारं पत्रही आलं, की 'फुकट' हा शब्द प्रतिष्ठेस धरून नाही. खोकणाऱ्या म्हाताऱ्याला दवाखान्यापासून तोडणारा शब्द प्रतिष्ठेचा, आणि त्याला आणणारा शब्द हलका. मी खुलासा दिला, पण पाटी पुसली नाही.

आता खाटांकडे येतो. पूर्वी लोकल बोर्डाचं अनुदान वर्षाकाठी यायचं, कोणी फार खोलात शिरायचं नाही. मग जिल्हा परिषदा आल्या आणि नवे नियम आले. सगळेच वाईट होते असं मी म्हणणार नाही. काही ठिकाणी दवाखान्याच्या नावावर नुसते फलक उभे होते, त्यांना चाप बसला. पण आमच्या वाट्याला आलेला नियम असा होता: तपासणीच्या दिवशी मंजूर खाटांपैकी दोन तृतीयांश खाटा रुग्णांनी भरलेल्या दिसल्या तरच अनुदान चालू राहील. आमच्या चौदा खाटा, म्हणजे दहा भरलेल्या हव्यात. 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' ही म्हण आळशी माणसाला टोमणा मारायला वापरतात. आमच्यासाठी ती नियमावलीच झाली. आमचा हरी ठाण्याला बसायचा आणि खरोखरच फक्त खाटल्यावर द्यायचा.

अडचण एवढीच, की आमची माणसं खाटेवर झोपत नव्हती.

डोंगराकडून येणारे जन्मात खाटेवर चढलेले नव्हते. खाट उंच, खाली फरशी, अंगात ताप, पडलो तर काय, ही त्यांची सरळ भीती. किनाऱ्याकडच्यांचं कारण वेगळं होतं. मुरब्याच्या मासेमारी करणाऱ्या मंडळींत मरण जमिनीवर यावं असा ठाम रिवाज. शेवट जवळ आला की माणसाला खाली घ्यायचं, पाठ भुईला लागली पाहिजे. खाटेवर जीव गेला, तर तो ना भुईचा ना आभाळाचा, असा लटकत राहतो म्हणतात. आणि रुग्णालयाच्या खाटेवर याआधी कोण कोण गेलं असेल, ते कोणी सांगावं? म्हणून आमच्या हॉलमध्ये चित्र असं असायचं, की खाटेवर गाठोडी आणि खाटेखाली आजारी.

पहिल्या तपासणीला जे साहेब आले ते पँट वर धरून हॉलमध्ये शिरले. माणसांना ओलांडत खाटा मोजू लागले. एका खाटेवर टोपलीखाली कोंबडी होती. मासवणच्या एका घरानं बाईंसाठी आणलेली.

"ही दाखल आहे का?" साहेबांनी विचारलं. त्यांना स्वतःचा विनोद आवडला. मग वहीत लिहिलं, "रुग्ण पाच."

"साहेब, खाली सतरा जण आहेत," मी म्हणालो.

"ते नातेवाईक."

"त्यांना ताप आहे, साहेब."

"ताप नातेवाइकांनाही येतो," साहेब म्हणाले, आणि वही मिटली.

त्यांच्या पायाशी न्यूमोनिया झालेली एक बाई धापा टाकत होती. साहेबांना ती दिसली नाही असं नाही. त्यांच्या तक्त्यात तिला जागा नव्हती. माणूस डोळ्यांसमोर असून कागदावर नाही, याचा संताप मला तेव्हा पहिल्यांदा आला, आणि इतकी वर्षं झाली तरी तो उतरलेला नाही. महिन्याभरात पत्र आलं: सहा-सात महिन्यांनी पुन्हा तपासणी होईल, तेव्हाही खाटा रिकाम्या आढळल्या तर अनुदान बंद. अनुदान बंद म्हणजे पहिली बंद होणार ती बाळंतपणाची खोली, कारण तिथल्या नर्सबाई त्या अनुदानावरच होत्या. मासवणच्या बाजूची अडलेली बाई मग बैलगाडीतून आणखी पुढे कुठे न्यायची, याचं उत्तर त्या पत्रात नव्हतं.

आम्ही तिघं, म्हणजे तात्या, बाई आणि मी, विचाराला बसलो. तात्या व्यवहारी माणूस. त्या वर्षांत तारापूरकडे अणुवीज केंद्राचं बांधकाम सुरू झालं होतं, बोईसरला परप्रांतातली माणसं येऊन राहिली होती. त्यांचं खाटेशी काही वाकडं नव्हतं. पाय मोडलेला एक फिटर आमच्याकडे होता, तो तर म्हणायचा, "बाबूजी, घर में भी ऐसी खटिया नहीं मिली." तात्या म्हणाले, "असले पाच-सहा गडी त्या दिवसापुरते आणून झोपवू. कोण विचारतंय?"

बाईंनी टेबलावर हात ठेवला. "जो आजारी नाही त्याला माझ्या खाटेवर मी घेणार नाही. खोटे रुग्ण दाखवून खोली वाचवायची असेल, तर खोलीला आधी मीच कुलूप लावते."

विषय संपला. बाई म्हणाल्या तेच बरोबर होतं. म्हणजे आता उरला एकच रस्ता: खऱ्या आजाऱ्यांना खऱ्या खाटांवर आणायचं. आणि ते काम माझं.

मी दोन्ही तोंडांनी काम सुरू केलं. सरकारशी अर्जानं आणि माणसांशी जिभेनं. अर्जावर मी चार दिवस बसलो. राग बाजूला ठेवला, कारण रागानं लिहिलेला अर्ज वाचणाऱ्याला उत्तर न देण्याची सबब मिळते. साधं लिहिलं, की या भागात आजारी माणूस जमिनीवर झोपतो. आम्ही त्याला चटई, गोधडी, औषध आणि देखरेख देतो. खाटेचे चार पाय सोडले तर त्याला कशाचीही कमतरता नाही. तेव्हा जमिनीवरचा रुग्णही मोजावा. बाईंनी सही करताना अर्ज दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "राऊत, याला नाही म्हणणारा दगड असला पाहिजे." अर्ज गेला. दोन स्मरणपत्रं गेली. उत्तर नाही.

इकडे हॉलमध्ये मासवणच्या माणसांसाठी मी वेगळ्याच युक्त्या करत होतो. खाटा भिंतीला लावल्या, उघड्या बाजूला फळी बांधली. एका बाईनं स्वतःला लुगड्याच्या पदरानं खाटेच्या दांडीला बांधून घेतलं आणि दोन दिवसांनी म्हणाली, "बरी हाय. हलत नाय." ती बरी होऊन गेल्यावर तिच्या पाड्यावरचे तिघं खाटेवर झोपले. माझ्या दहा भाषणांपेक्षा तिचं एक वाक्य जास्त चाललं.

मुरब्याला हे चालणारं नव्हतं. तिथे मी तीन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीला किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होडीच्या सावलीत पंधरा-वीस माणसं जमली होती. त्यांत काशिनाथ होता. पस्तिशीचा, स्वतःची होडी असलेला, गावात शब्दाला वजन असलेला माणूस. आदल्या वर्षी त्याची बायको पार्वती आमच्या त्याच खोलीत बाळंत झाली होती. मूल पायाळू. बाईंनी दोघांनाही वाचवलं होतं. त्यामुळे तो माझं ऐकून तरी घेत होता.

"राऊतभाऊ, खाटेवर झोपू," तो म्हणाला. "पण वेळ आली तर?"

मी म्हणालो, "खाट ही सरकारची मोजपट्टी आहे, दुसरं काही नाही. आजारी असेपर्यंत वर झोपा. वेळ आली तर खाली घ्या. कोणी अडवणार नाही. हा माझा शब्द."

"तुमचा शब्द?"

"माझा."

काशिनाथनं बाकीच्यांकडे पाहिलं. "भाऊ बोलतायत, तर जाऊ," तो म्हणाला. त्या दिवसापासून मुरब्याची माणसं खाटेवर झोपू लागली. या धंद्यात मी जे काही मिळवलं त्यात ही माझी सर्वांत मोठी कमाई होती. चिठ्ठीचपाटी नाही, पाटी नाही, नुसता तोंडाचा शब्द.

पुन्हा तपासणीची तारीख आली तेव्हा काशिनाथची आई, हिराआय, आमच्याकडे दाखल होती. अंगावर सूज, श्वास पुरत नव्हता. म्हातारी फार गोड. मी जवळून गेलो की विचारायची, "भाऊ, जेवलास काय?" त्या दिवशी सकाळी बाईंनी तिला तपासलं आणि मला हॉलच्या दारात गाठून सांगितलं, "हिराआयचं आज काही खरं नाही. त्यांना जे करायचं असेल ते करू द्या." तेवढ्यात मासवणची एक अडलेली बाई आली आणि डॉक्टरीणबाई तिला घेऊन बाळंतपणाच्या खोलीत गेल्या. त्या दुपार उलटेपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

मी सकाळपासून खाटा मोजत होतो. तापाचे दोघं बरे होऊन आदल्या दिवशी घरी गेले होते. फिटर तर केव्हाच कुबडी घेऊन गेला होता. कितीही वेळा मोजलं तरी दहाच. हिराआय धरून दहा. अकराच्या सुमारास पोस्टमन आला, त्यानं टपाल माझ्या टेबलावर ठेवलं. मी त्याला हातानंच 'ठेव' म्हटलं. साहेब अकराला येणार होते. बारा वाजले, साडेबारा वाजले. नंतर कळलं, की ते बोईसरच्या बाजूला कोणाकडे तरी जेवायला थांबले होते.

एकच्या सुमारास काशिनाथ माझ्याकडे आला.

"भाऊ, आयचा श्वास बदललाय. मी तिला खाली घेतो."

मी त्याच्याबरोबर खाटेपर्यंत गेलो. त्याचं म्हणणं खरं होतं. असं श्वास घेणं मी हॉलमध्ये आधीही पाहिलं होतं. पार्वती चटई झटकत होती.

"काशिनाथभाऊ, थोडं थांबा," मी म्हणालो. "साहेब येतीलच आता. मोजून गेले की लगेच खाली घेऊ. मी स्वतः हात लावतो."

"तुमी बोलला होतात, कोनी अडवनार नाय."

"बोललो होतो. पण दहाच खाटा भरल्या आहेत हो. एक कमी पडली तर ती खोली बंद होईल." मी खोलीच्या दाराकडे बोट केलं. आतून मासवणच्या बाईचं कण्हणं ऐकू येत होतं. "तुमची पार्वती त्याच खोलीतून उठून घरी गेली ना?"

हे वाक्य मी सहज बोललो नाही. कोणत्या माणसाला कोणतं वाक्य लागतं, हे ओळखणं हाच माझा धंदा होता, आणि त्या क्षणी मी तो माझ्यावर विश्वास टाकलेल्या माणसावर चालवला. काशिनाथनं आईकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. पार्वतीच्या हातातली चटई घेऊन त्यानं गुंडाळून भिंतीशी ठेवली.

"बरं," तो म्हणाला. "सायबाला काय सांगू?"

"काही सांगू नका. फक्त गप्प बसा."

साहेब साडेतीनला आले. तेच, मागचे. जीपमधून उतरून पाणी प्यायले आणि खाटांच्या रांगेतून चालू लागले. या खेपेला पँट वर धरावी लागली नाही, कारण खाली कोणी नव्हतंच. हिराआयच्या अंगावर छातीपर्यंत चादर होती. काशिनाथ उशाशी बसला होता, तळहात तिच्या कपाळावर. पार्वती पायाशी बसली होती, पदर तोंडात धरून.

"यांना काय होतंय?" साहेबांनी विचारलं.

"झोपलीय," काशिनाथ म्हणाला.

"दहा," साहेबांनी लिहिलं. सही केली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बघा राऊत, मनावर घेतलं की होतं. मागच्या वेळी उगाच कारणं सांगत होतात." मी हात जोडले. होय, जोडले. त्या हातांची मला आजही लाज वाटते.

जीप फाटकाबाहेर पडल्यावर मी धावतच हॉलमध्ये आलो. "चला काशिनाथभाऊ, आता घेऊ," असं म्हणत खाली वाकून हिराआयचे पाय धरले. पाय गार होते.

"कधी?" मी विचारलं.

"मगाशीच," काशिनाथ म्हणाला. "दोन वाजून गेलं तवा. तुमी बोलला होतात, गप बसा."

तो दीड तास आईच्या कपाळावर हात ठेवून बसला होता. मी त्याला दिलेला शब्द मोडला, आणि त्यानं मला दिलेला पाळला. मग त्या दोघांनी तिला खाली घेतलं. त्याचा काही उपयोग नाही हे त्यांनाही माहीत होतं, तरी घेतलं. मला हात लावू दिला नाही. पार्वती एवढंच म्हणाली, "तुमी ऱ्हाऊ द्या." तिचा आवाज चढलेला नव्हता.

बाई खोलीतून बाहेर आल्या. मासवणच्या बाईला मुलगी झाली होती, दोघी ठीक होत्या. बाईंनी हॉलमध्ये पाहिलं, मग माझ्याकडे. "सकाळी मी काय सांगितलं होतं, राऊत?" त्यांनी विचारलं. उत्तराला थांबल्या नाहीत. काशिनाथजवळ जाऊन फरशीवर बसल्या.

संध्याकाळी, मुरब्याची माणसं म्हातारीला घेऊन गेल्यावर, मी टेबलापाशी आलो. काहीतरी करायचं म्हणून टपाल फोडलं. दुसराच लिफाफा ठाण्याचा होता. आमच्या अर्जाचं उत्तर. 'सदर भागातील प्रथा विचारात घेता, जमिनीवर अंथरुणाची सोय केलेले रुग्ण खाटेवरील रुग्णांप्रमाणेच गणण्यात यावेत.' खाली सही. सहीखाली ओळ होती: 'प्रत माहितीसाठी, तपासणी अधिकारी यांस.'

एका ओळीचं उत्तर द्यायला त्यांनी सात महिने घेतले, याचा मला राग आहे. ज्याला प्रत पाठवली तो साहेब त्याच दिवशी येऊन खाटाच मोजून गेला आणि वर मला उपदेश करून गेला, याचा त्याहून जास्त राग आहे. त्यानं ती प्रत वाचली नव्हती, की वाचूनही सवयीनं खाटा मोजल्या, ते मला कधी कळलं नाही. पण त्याला शिव्या द्यायला लागलो की माझी जीभ मध्येच अडखळते. मूळ पत्र सकाळी अकरापासून माझ्या टेबलावर पडलं होतं. मी, ज्याचं पोट कागदावर चालायचं, तो कागद सोडून माणसं हलवत बसलो होतो. तात्यांनी दुसऱ्या दिवशी पत्र वाचलं आणि माझी पाठ थोपटली. माझ्या अर्जाच्या नकला पुढे दुसऱ्या रुग्णालयांनी मागवून नेल्या. खोली वाचली. त्यानंतर आमच्या हॉलमध्ये ज्याला जिथे झोपायचं तिथे तो झोपू लागला, आणि मोजलाही जाऊ लागला. अर्ज उत्तमच होता. मी अजूनही म्हणतो, उत्तमच होता.

पण तो कागद खिशात घेऊन मला झोप लागेना. आठव्या दिवशी मी मुरब्याला गेलो. काशिनाथ अंगणात बसला होता, हाताला काही काम नव्हतं. वाळत घातलेल्या बोंबलांच्या पलीकडे गावची माणसं आपापल्या कामात होती, माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. मी उभ्यानंच त्याला सांगितलं, की सरकारचं पत्र आलंय, ते तुम्हाला ठाऊक असायला हवं.

"कदी आलं?"

"त्याच दिवशी."

"किती वाजता?"

"सकाळी अकराला. मी संध्याकाळी फोडलं."

खोटं बोलायची सोय मला होती, 'दुसऱ्या दिवशी आलं' म्हणालो असतो तर तपासायला कोण जाणार होतं? पण त्या माणसाशी पुन्हा वाक्य रचून बोलायची माझी हिंमत नव्हती. मग तो उठला आणि म्हणाला, "आत या. हितं वाचू नका, आत वाचा."

घरात कोपऱ्यात जमिनीवर हिराआयच्या नावाचा दिवा लावलेला होता, दिव्याभोवती पीठ पसरलेलं. पार्वती मुलाला मांडीवर घेऊन भिंतीशी बसली होती. काशिनाथ दिव्याशेजारी बसला आणि मलाही खाली बसायला सांगितलं.

"वाचा," तो म्हणाला. "मोठ्यानं वाचा."

मी वाचलं. संदर्भ क्रमांकापासून वाचलं. 'सदर भागातील प्रथा विचारात घेता', 'अंथरुणाची सोय केलेले', 'गणण्यात यावेत', सगळं. सहीखालची ओळही वाचली. माझा आवाज त्या घरात एखाद्या परक्या माणसाचा वाटत होता. वाचून कागदाची घडी घातली. मग पार्वतीनं मुलाला दुसऱ्या मांडीवर घेतलं आणि मला विचारलं, "भाऊ, म्हंजे काय?"

सरकारी कागद लोकांच्या भाषेत सांगायचं काम मी दहा वर्षं केलं. इतकं सोपं भाषांतर मला कधी आलं नव्हतं.

"म्हणजे," मी म्हणालो, "आयला तेव्हा खाली घेतलं असतं, तरी चाललं असतं."